बिनआदेशाचा फर्राशखाना

राज्ये येतात आणि जातात, पण राज्यकारभार अखंड चालू राहतो, असे इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या गांभीर्याने लिहिलेले असते. इंदुरात होळकरांचे राज्य गेले तेव्हा मागे जे अखंड चालू राहिले त्यात मुख्यतः सतरंज्या होत्या.

सतरंज्या, शामियाने, कनाती, लोड, तक्के, वाळ्याच्या ताट्या, दरबारी खुर्च्या आणि हत्तीचा एक हौदा. हे सगळे सांभाळणाऱ्या खात्याला फर्राशखाना म्हणत. दरबार असो, शिकार असो की राजघराण्यातले लग्न, फर्राशखान्याच्या बैलगाड्या आदल्या दिवशी निघायच्या आणि दुसऱ्या दिवशी उघड्या माळावर महाल उभा असायचा. मग संस्थाने विलीन होऊन मध्यभारत राज्य आले. दरबार गेला, शिकार गेली, हत्ती तर त्याआधीच गेला होता. फर्राशखाना मात्र राहिला, कारण तो बंद करायचे कुणाला सुचले नाही. वरून आले ते एवढेच, की पुढील आदेश होईपर्यंत जैसे थे.

हे वाक्य रघुवीर मुळ्येने वाचले आणि टेबलाचा खण आवरायला घेतला. रघुवीर खात्याचा मुख्य कारकून होता. म्हणजे दुसरा कारकून नव्हता. सरकारी भाषा त्याला चांगली कळत होती. ‘पुढील आदेश’ हा नेहमी वाईटच असतो, चांगला असता तर आधीच आला असता, हे त्याला वडिलांनी लहानपणीच सांगितले होते. वडीलही कारकूनच होते.

खात्याचे प्रमुख नानासाहेब फणसे यांनी तेच वाक्य वाचले आणि टाळी वाजवली.

“मुळ्ये, काय सुंदर हुकूम आहे हो!”

“साहेब, म्हणजे आपलं काय होणार ते त्यांनाच ठाऊक नाही.”

“तेच म्हणतोय मी. तीस वर्षं मी या खात्यात काढली. पडदा डावीकडून उजवीकडे न्यायचा तर दरबाराची मंजुरी लागायची. आता मंजुरी देणारा कोणी नाही, म्हणजे नाही म्हणणाराही कोणी नाही.” नानासाहेबांनी चष्मा पुसला. “जैसे थे म्हणजे काय? आपण पूर्वी काय करत होतो? माणसांना सावलीत बसवत होतो. चला, बसवू या.”

आणि त्यांनी खरोखरच बसवायला सुरुवात केली. गिरणीच्या वस्तीतल्या एका शाळेचे छप्पर उडाले होते. तिथे नानासाहेबांनी दरबारी शामियाना पाठवला, आतून आरसे लावलेला. ज्याच्याखाली सरदारसुद्धा दबकत खोकायचे, त्याच्याखाली गिरणी कामगारांची पोरे पाढे म्हणू लागली. पाढे थोडेच झाले, कारण आरशांतून पडणारे कवडसे पकडण्यात वर्ग गुंतला. शाळेच्या आनंदीबाई तक्रार करायला आल्या, तेव्हा नानासाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, मग तंबू उलटा लावून बघू. आरसे बाहेर.” आरसे बाहेर लावल्यावर पोरे शहाण्यासारखी बसली, पण रस्त्यावरून जाणारे टांग्याचे घोडे बुजू लागले. शेवटी आरशांवर चादरी शिवल्या. पाढे पुढे सरकले.

रघुवीरला हे बघवत नव्हते. त्याच्या मते बुडत्या जहाजात माणसाने निदान गप्प बसावे.

त्याच पावसाळ्यात सरकारने जुन्या खात्यांतल्या कारकुनांना एक सवलत दिली. ज्यांना हवे त्यांनी ग्वाल्हेरच्या मोठ्या दफ्तरात कायमची बदली मागावी. पुढच्या जूनअखेरपर्यंत अर्ज खातेप्रमुखामार्फत यावेत. रघुवीरने त्याच संध्याकाळी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. आता फक्त नानासाहेबांची सही हवी होती. छत्रीबागेतल्या घरी इंदुमतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ट्रंका उतरवल्या आणि खान नदीच्या काठावर ऊन बघून रजया वाळत घातल्या.

“ग्वाल्हेरला माझी आत्या आहे,” ती म्हणाली. “आणि कायमची नोकरी म्हणजे कायमची. इथं रोज उठून तुमचं तोंड बघायचं, की आज खातं आहे का गेलं.”

दुसऱ्या दिवशी रघुवीर कोटाच्या आतल्या खिशात अर्ज घालून लालबाग राजवाड्यामागच्या खात्याच्या शेडमध्ये गेला. नानासाहेब जमिनीवर बसून तंबूचे जुने जाड कापड कापत होते.

“साहेब, एक सही...”

“आलात? बरं झालं. ही बाही धरा.”

तो रेनकोट होता. टाकाऊ तंबूंचे रेनकोट करून पावसात हिंडणाऱ्या लोकांना द्यायचे, अशी कल्पना. पहिला रेनकोट फर्राशांचा मुकादम मालोजी याने घातला. घातल्यावर त्याचे हात खाली येईनात. शेडच्या दारात तो अर्धवट उभारलेल्या राहुटीसारखा उभा राहिला.

“मालोजी, चालून दाखव.”

“चालतोयच की, साहेब.”

“कुठं चालतोयस?”

“आतमंदी चालतोय. बाहेरून कळत नसंल.”

सगळे फर्राश हसत सुटले. “भिया, खुंट्या ठोकू का?” एकाने विचारले. इंदुरात सगळेच भाऊ ‘भिया’ असतात. मालोजीला पावसात उभे केले. पाणी गळ्यातून आत गेले, कमरेपाशी साठले आणि तिथेच राहिले. कोट काढला तेव्हा बादलीभर निघाले.

इथे कुणीही शहाणा माणूस कात्री खाली ठेवतो. नानासाहेब ओल्या कापडाभोवती दोनदा फिरले. “मुळ्ये, हे बघितलंत? आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. म्हणजे रेनकोट फसला, पण छागल झाली.”

कापडी पिशवीत पाणी गार राहते हे माळव्यात कुणाला सांगायला नको. प्रवासाला निघालेला माणूस अशी छागल गाडीच्या खिडकीबाहेर टांगतो. पण नानासाहेबांनी शिवली ती रांजणाएवढी. झाडाला टांगली, खाली तोटी लावली. पहिली दोन फाटली. एक मालोजीच्या अंगावर फाटली, आणि रेनकोट घातला असता तर बरे झाले असते असे त्याने बोलून दाखवले. तिसरी टिकली.

घरी इंदुमतीने विचारले, “अहो, झाली का सही?”

“नाही.”

“मग काय झालं दिवसभर?”

“रेनकोट,” रघुवीर म्हणाला. “म्हणजे छागल.”

इंदुमतीने रजया पुन्हा घडी करून ट्रंकेतच ठेवल्या.

दिवाळीनंतर रघुवीर पुन्हा अर्ज घेऊन गेला. त्या दिवशी हौदा बाहेर काढलेला होता. लालबागेच्या मैदानावर जत्रा भरणार होती, आणि हत्ती नसला म्हणून हौद्याने कुजत पडायचे का, असा नानासाहेबांचा सवाल होता. हौदा बैलगाडीवर चढवून लोकांना फिरवायचे ठरले. बैलांनी मागे वळून आपण काय ओढतो आहोत ते पाहिले आणि बसकण मारली. चारा दाखवला, शेपट्या पिळल्या, मालोजीने बैलांच्या आईबापांची चौकशी केली. बैल उठले नाहीत. मग हौदा तिथेच मैदानात जमिनीवर ठेवला, आणि जत्रेतला एक फोटोवाला आपला कॅमेरा घेऊन समोर येऊन बसला. तीन दिवस रांग हटली नाही. इंदुरातल्या कित्येक घरांत आजही आजोबांचा हौद्यातला फोटो आहे. फोटोत हत्ती का नाही हे घरात कुणी विचारत नाही.

“साहेब, तुम्हाला भीती नाही वाटत?” गर्दी पाहत असताना रघुवीरने विचारून टाकले. अर्ज खिशात चुरगळत होता.

“कशाची?”

“उद्या खातं बंद झालं तर.”

“वाटते की. रोज सकाळी दात घासताना वाटते. पण मुळ्ये, उद्या बंद व्हायचं असलं तर आज शेडला कुलूप लावून बसल्यानं ते परवा होणार आहे का?” नानासाहेबांनी आवाज उतरवला. “आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येतेय. या वयात मजा येते हे घरी सांगू नका.”

रघुवीर त्या दिवशीही सही न घेता परतला. हा माणूस मूर्ख असावा, असे तो वाटेत स्वतःला सांगत होता. पण छत्रीबागेच्या गल्लीत वळताना आपण मघापासून हौद्याला खाली चाके लावली तर काय होईल याचा हिशेब करतो आहोत, हे त्याच्या लक्षात आले आणि तो दचकला.

उन्हाळा आला. मध्यभारताला राजधान्या दोन होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. चैत्र लागला की सरकार फायलींसह आगगाडीत बसून इंदुरी यायचे. इंदूर राजधानी झाले होते खरे, पण इमारतींना ते कुणी कळवले नव्हते. मंत्री दिवाणखान्यात, सचिव व्हरांड्यात आणि कारकून जिन्यावर, अशी सोय असायची. त्या वर्षी सरकारबरोबर एक खर्चकपात समितीही आली. जुन्या दरबारांची निरुपयोगी खाती शोधायची आणि बंद करायची, हे तिचे काम. पहिल्याच बैठकीच्या यादीत फर्राशखान्याचे नाव होते.

यादी आली त्या दिवशी शेडमधले काम थांबले. मालोजी गुंडाळलेल्या सतरंजीवर बसून एक खुंटी उगाच तासत होता. “बाबूजी, तुमचं ग्वाल्हेरचं जमंल,” तो रघुवीरला म्हणाला. “आमाला तर तंबूबिगर काहीच येत नाही.” त्याने हे टोमणा म्हणून म्हटले नव्हते. म्हणूनच ते लागले.

एवढ्यात नानासाहेब बाहेरून आले, ते उत्साहात. “समितीला बसायला जागाच नाही म्हणे! मी सांगून आलो, आमच्याकडे बसा. लालबागेत, चिंचांच्या सावलीला, मोठा तंबू.”

रघुवीरला वाटले आपण ऐकले ते चुकीचे. “साहेब, ते आपली मान कापायला येतायत. आणि ओंडका आपण पुरवायचा?”

“ओंडका आपला असला तर निदान उंची तरी आपल्या मर्जीची,” नानासाहेब म्हणाले. “आणि मला तो पंखा कुणावर तरी करून बघायचाच होता.”

पंखा म्हणजे एक जुनी सायकल. तिचे मागचे चाक काढून तिथे पत्र्याची पाती बसवली होती. समोर वाळ्याच्या ओल्या ताट्या, ताट्यांवर छागलींमधून थेंब थेंब पाणी, आणि मागून मालोजीने पॅडल मारायचे. तत्त्वतः थंडगार हवा येणार होती. प्रत्यक्षात पहिल्या तालमीत समितीच्या खुर्च्यांवर पाऊस पडला. दुसऱ्या तालमीत पात्यांनी एक ताटी खाल्ली. तिसऱ्या वेळी सायकल मालोजीसकट पुढे सरकली, वास्तविक तिला मागचे चाक नव्हते. नानासाहेब दर वेळी “उत्तम!” म्हणत आणि काहीतरी आवळत किंवा सैल करत. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी रघुवीर न राहवून पुढे झाला. “साहेब, पंखा लांब न्या. ताटी आणि पंखा यांच्यात माणूसभर अंतर ठेवा.” ठेवले. वाळ्याच्या वासाची एक गार झुळूक आली आणि रघुवीरच्या घामेजलेल्या मानेवरून गेली. तो बराच वेळ तिथून हलला नाही.

बैठकीचा दिवस मे महिन्यातला. बाहेर लू वाहत होती, चिमण्या सावली सोडायला तयार नव्हत्या. समितीचे अध्यक्ष माथुरसाहेब ग्वाल्हेरचे. माणूस सज्जन, पण खाती बंद करताना हात न थरथरणारा. आत शिरताच त्यांनी टोपी काढली, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, “अरे वाह.” मग छागलीतले पाणी प्यायले. पुन्हा मागितले. सदस्यांनी एकेक करत कोटाची बटणे सोडली. जिन्यावर बसून आलेल्या एका सदस्याने तर गालिच्याला हळूच हात लावून पाहिला.

कामकाज सुरू झाले. शिकारखाना बंद. पालखीखाना बंद. मालोजी पॅडल मारत होता आणि एकेक खाते गार हवेत शांतपणे निवर्तत होते. रघुवीर कागद पुरवायला तंबूच्या खांबाशी उभा होता. अर्ज खिशात होता. जूनअखेर लांब नव्हती. आज इथला निकाल लागला की संध्याकाळी सही घ्यायची, असे त्याने सकाळी इंदुमतीला सांगितले होते, आणि तिने “बरं” म्हटले होते, पण कसे कोण जाणे, आनंदाने नाही.

“फर्राशखाना,” माथुरसाहेबांनी वाचले. चष्म्यावरून नानासाहेबांकडे पाहिले. “फणसेजी, बुरा मत मानिए. दरबार ही नहीं रहा, तो फर्राश किस काम के?”

नानासाहेब उठून उभे राहिले. आता ते शाळेचे सांगतील, छागलींचे सांगतील, असे रघुवीरला वाटले. नानासाहेबांनी क्षणभर विचार केला. “आपका कहना ठीक है, साहब,” ते म्हणाले. “दरबार के काम के तो नहीं रहे.” आणि खाली बसले. त्यांना खोटे बोलता येत नसे; प्रयोग करणाऱ्या माणसाची ही एक मोठी अडचण असते.

माथुरसाहेबांनी लेखणी उचलली. मालोजीचे पॅडल मंदावले. हवा थांबू लागली, आणि तंबूतल्या सगळ्यांच्या कपाळावर एकाच वेळी घाम आला.

रघुवीरने आयुष्यात वरिष्ठांसमोर न विचारता तोंड उघडले नव्हते. पुढे काय होईल याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. त्याने फक्त ते करून पाहिले.

“साहब, माफ कीजिए,” तो म्हणाला, “अगली बैठक के लिए तंबू यहीं रखें, या उतार दें?”

लेखणी अधांतरी राहिली.

“अगली बैठक?” माथुरसाहेब म्हणाले.

“महकमा आज बंद हुआ तो तंबू आज ही उतारना पड़ेगा, साहब. कल से उतारनेवाला कोई नहीं रहेगा.”

माथुरसाहेबांनी कनातीच्या फटीतून बाहेर पाहिले. मैदानावर ऊन पांढरे झाले होते. मग त्यांनी जिन्यावरून आलेल्या सदस्याकडे पाहिले, आणि त्या सदस्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

“अभी तो बहुत महकमे बाकी हैं,” माथुरसाहेब सावकाश म्हणाले. “ऐसा करते हैं, इसको आख़िर में लेंगे.”

मालोजीने पॅडलवर असा जोर दिला की अध्यक्षांची टोपी टेबलावरून उडून थेट पालखीखान्याच्या कागदांवर जाऊन बसली.

समिती निघून गेल्यावर फर्राशांनी रघुवीरला उचलायचेच बाकी ठेवले. “भिया, कमाल केली तुम्ही!” नानासाहेब मात्र बारकाईने त्याच्याकडे पाहत होते.

“मुळ्ये, हे ठरवून विचारलंत?”

“नाही हो, साहेब. तोंडातून गेलं.”

“तरीच जमलं.” मग ते म्हणाले, “तुमचं काहीतरी काम होतं ना माझ्याकडे? वर्षभर खिशात हात घालून उभे असता.”

रघुवीरने अर्ज काढला. घामाने आणि घड्यांनी त्याचे पायपुसणे झाले होते. नानासाहेबांनी तो नीट वाचला, तोंडावर कसलीही नाराजी न आणता फाउंटन पेनचे टोपण काढले. “अहो, आधी सांगायचं नाही का! तुमच्यासारखा माणूस त्यांना मिळतोय म्हणजे ग्वाल्हेरचं भाग्य. कुठं करू सही?”

ग्वाल्हेरचे दफ्तर रघुवीरला दिसत होते. जाड भिंती, कायमची खुर्ची, आणि निवृत्तीपर्यंतचा प्रत्येक दिवस आत्ताच स्पष्ट.

“राहू द्या, साहेब,” तो म्हणाला. “आधी त्या पॅडलचं काहीतरी बघू. मालोजीचे गुडघे जातील अशानं.”

रात्रीच्या जेवणाला इंदुमतीने ते ऐकले तेव्हा ती ताक घुसळत होती. रवी थांबली नाही. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “रेनकोटाच्या दिवसापासनं तुम्ही झोपेत हसायला लागलात. ग्वाल्हेरला गेल्यावर कशाला हसणार होतात?” दुसऱ्या दिवशी तिने ट्रंका माळ्यावर चढवल्या. रजयांना जागा नव्हती म्हणून आत्याला एक पाठवून दिली.

खर्चकपात समिती पुढे दर उन्हाळ्यात लालबागेतल्या तंबूत बसली. गार हवेत तिचे काम इतके सखोल होऊ लागले की यादीच्या शेवटापर्यंत ती कधी पोचली नाही. फर्राशखान्याने त्या वर्षांत तंबूतला दवाखाना केला, तंबूतले वाचनालय केले, आणि एकदा तंबूतला पोहण्याचा तलाव केला, जो संध्याकाळपर्यंत टिकला. हौद्याला चाके लागली. ती कल्पना रघुवीरची, आणि उतारावर ब्रेक लावायचा राहिला हेही रघुवीरचेच. भंवरकुआंच्या उतारावरून रिकामा हौदा एकटाच खाली गेला, तेव्हा नानासाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून “उत्तम!” म्हणाले, आणि त्या एका शब्दासाठी रघुवीरने दहा ग्वाल्हेरे ओवाळून टाकली असती.

मग छप्पन साल आले. मध्यभारत मोडून नवे मोठे मध्यप्रदेश राज्य होणार होते. राजधानी इंदूर, असे इंदुरात सर्वांना माहीत होते. ती भोपाळला झाली. बाकीच्या खात्यांत सुतक पडले. नानासाहेब नकाशा घेऊन बसले.

“मुळ्ये, नवी राजधानी! म्हणजे इमारती नसणारच. माणसं कुठं बसणार?”

“झाडाखाली, साहेब.” रघुवीरचे डोळे चमकले. “आणि तिथं तलाव आहे. ताट्यांना पाण्याचा तुटवडा नाही. पंखा बैलावर चालवला तर?”

“बैलाला विचारून बघू.”

आदेशाची वाट कुणी पाहिली नाही. मालोजी, त्याचे फर्राश आणि रघुवीर यांनी शामियाने बांधले, छागली सुकवून गुंडाळल्या, सायकलीला तेल दिले. इंदुमतीने ट्रंका उतरवल्या, या वेळी कुणी न सांगता. लादलेले ट्रक गणपतीला नारळ फोडून भोपाळच्या रस्त्याला लागले.

भोपाळला पोचल्यावर कळले, की तिथे नवाबांचा स्वतःचा फर्राशखाना होता, आणि तोही पुढील आदेश होईपर्यंत चालू होता.